उडी कुठे मारली त्याने?

अहो, ऐकलंत का? खेळला तो परवा!

कोण म्हणून काय विचारताय, तिसऱ्या मजल्यावरचा. आपला ताडमाड हो. गॅलरीत दोरीला बूट उलटे टांगलेले दिसतात ना, लक्ष्मी रोडला त्या नंबरचे मिळत नाहीत म्हणून ऑनलाइन मागवावे लागतात, त्या बुटांचा मालक. या जरा भिंतीपाशी, कपडे नंतर वाळत घाला. आणि आवाज बारीक ठेवूया, कारण त्यांच्या किचनची खिडकी उघडी आहे आणि आज पोळपाट-लाटणं जरा जास्तच आपटतंय. सकाळपासून ऐकतेय मी.

गुडघ्याचं तुम्हाला माहितीच आहे. होळीच्या आदल्या आठवड्यात, कॉलेजच्या बास्केटबॉल मॅचमध्ये... कुणी धक्का दिला नाही, कुणी पाय आडवा घातला नाही. रिबाउंडला उडी मारली, खाली आला, पाऊल टेकलं आणि गुडघा भलतीकडेच गेला. टक्कन आवाज झाला म्हणे, बाकावर बसलेल्या पोरांना ऐकू गेला. मग एमआरआय, मग ऑपरेशन. त्याच्याच मांडीच्या मागचा एक धागा काढायचा आणि गुडघ्यात तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवायचा. मला आपलं वाटलं होतं, लिगामेंट म्हणजे काय, आमच्या ह्यांच्यासारखा पट्टा बांधला, दोन दिवस शेक दिला की झालं. कसलं काय! दहा महिने गेले, दहा!

त्या दहा महिन्यांत त्याच्या आईने काय काय केलंय, मी डोळ्यांनी बघितलंय. शिवणाची टेप घेऊन दोन्ही मांड्या मोजायची. ऑपरेशनच्या पायाची मांडी वाळते ना, दुसरीपेक्षा बारीक होते, आणि ती भरून आल्याशिवाय फिजिओ पळायला देत नाही. कॅलेंडरवर मापं लिहून ठेवलीत तिने, एकादशी आणि दुधाच्या हिशेबाच्या मधोमध. आणि जिने! मला कुठे माहीत होतं, गुडघेवाल्याला जिना चढायचं काही नसतं, उतरायची खरी परीक्षा. आपल्या स्वारगेटच्या मेट्रोत सरकता जिना सोडून हा बाजूच्या पायऱ्यांनी खाली जायचा, एक एक पायरी, खालची पायरी बघत. लोक मागून "अहो, चला की!" करायचे. लोकांना काय, त्यांना मंडईला पोचायचंय.

तर काय सांगत होते... हां, मॅच.

सगळी बिल्डिंग गेली होती. संक्रांतीचा आठवडा, त्यामुळे तिळगुळाचा डबा आलाच. आपले पेन्शनर काका घडीची खुर्ची घेऊन आले होते, पहिल्या रांगेत. सुरुवातीला त्याला बसवूनच ठेवलं कोचने. दुसऱ्या क्वार्टरला हाक मारली. तो उठला, जॅकेट काढलं, आणि अशा टाळ्या पडल्या म्हणून सांगू! त्याच्या आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, झालं, आता पिक्चरमधल्यासारखं होणार.

आणि मग... काहीच नाही हो.

म्हणजे हा उभा आहे रिंगखाली, सगळ्यांपेक्षा वीतभर उंच, बॉल वर उडालाय, आणि ह्याच्या टाचा जमिनीला चिकटलेल्या. समोरच्या टीमचा एक बुटका, खरंच बुटका, ह्याच्या खांद्याला लागणारा, तो ह्याच्या अंगावरून उडी मारून बॉल घेऊन गेला! दोनदा! एकदा तर बॉल ह्याच्या हातात, रिंग डोक्यावर, जवळपास कुणी नाही, सगळे ओरडतायत "मोकळा आहेस, मोकळा!" आणि हा आधी खाली बघतोय. जमिनीकडे. पाय कुठे ठेवू म्हणून. तेवढ्यात पाय सरकले, शिट्टी वाजली, ट्रॅव्हल. बॉल दुसऱ्यांना.

काका ओरडले, "अरे उडी मार, उडी! एवढी उंची काय जाळे काढायला दिलीय का!"

मी त्याच्या आईकडे बघितलंच नाही. म्हणजे बघितलं, पण लगेच मान वळवली.

आणि आता खरी गंमत ऐका, म्हणजे गंमत कसली, पण... शेजारी कोण बसलं होतं माहितीय? पर्वतीकडच्या त्या दुसऱ्या मुलाची आई. हा नव्हता तेव्हा दहा महिने सेंटरला जो खेळला ना, तो. ह्याच्याहून चार बोटं कमी उंच, पण काय खेळला वर्षभर! आणि परवा हा आला म्हणून तो बाकावर, टॉवेल खांद्यावर टाकून. त्याच्या आईने टाळ्या वाजवल्या होत्या हं आधी, मी बघितलंय. पण शिट्टी वाजली तेव्हा तिने पर्स उघडली आणि काहीतरी शोधायला लागली. बराच वेळ शोधत होती. काही सापडलं नाही. एका बाकावर दोन आया आणि मध्ये तिळगुळाचा डबा, कुणी हात लावेना. गोड बोला म्हणे! दोघीही गप्प.

चौथ्या क्वार्टरला पुन्हा दोन मिनिटं घेतला. दोन फ्री थ्रो मिळाले, ते दोन्ही घातले. त्याला उडी लागत नाही ना. मॅच जिंकली म्हणा, पण त्या पर्वतीवाल्यामुळे.

मग घरी येताना काकांनी जिन्यातच कोर्ट भरवलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. म्हणाले, "मनातून घाबरलाय तो. दहा महिने कसले लागतात? स्मृती मानधना बघ! जानेवारीत गुडघा गेला, जूनमध्ये वर्ल्ड कप! आणि लॉर्ड्सवर फायनलला शहाऐंशी!"

पोरगा बिचारा किटबॅग घेऊन खालच्या पायरीवर उभा. वर जायला काकांनी जागाच ठेवली नव्हती.

मी तेव्हा बोलले नाही. आता काकांचं क्रिकेट तुम्हाला ठाऊक आहे. नेहरू स्टेडियम हाकेच्या अंतरावर, त्यामुळे १९९६ ला केनियाने वेस्ट इंडिजला हरवलं तेव्हा मी आत होतो, हे ते गॅसवाल्यालासुद्धा सांगतात. २९ फेब्रुवारी, वेस्ट इंडिज ९३ ऑल आऊट, लारासकट. बरं, आपल्या भागात प्रत्येक घरातला एक जण त्या दिवशी आत होता. जितके सांगतात तितक्या जागा तरी आहेत का त्या स्टेडियमला!

पण स्मृतीचं मला काकांपेक्षा नीट माहितीय. माझी नणंद सांगलीची, विश्रामबागेत राहते. सांगलीची गाडी आपल्या स्टँडवरून सुटते, म्हणजे सांगली म्हणजे काय आपल्याला लांब नाहीच. आणि सांगलीत स्मृतीबद्दल बोलायचं म्हणजे घरातल्या पोरीबद्दल बोलल्यागत. मूळची उजव्या हाताची पोरगी, भावाचं बघून डावखुरी खेळायला लागली, सतराव्या वर्षी महाराष्ट्राच्या अंडर नाइन्टीनला गुजरातविरुद्ध नाबाद २२४, तेही राहुल द्रविडने दिलेल्या बॅटने... हे सगळं नणंद मला भाजी निवडता निवडता सांगते, म्हणजे मला विसरायची सोयच नाही.

तर २०१७. जानेवारीत ऑस्ट्रेलियात होती ती, ब्रिस्बेन हीटकडून, तिकडच्या त्या बिग बॅशमध्ये. आपल्या पोरींना तेव्हा तिकडे कोण बोलवत होतं? त्या वर्षी हरमनप्रीत आणि ही, दोघीच. आणि तिथे गुडघा गेला. हेच ते लिगामेंट, एसीएल. वय किती? वीस. पुढे पाच महिन्यांवर वर्ल्ड कप. फेब्रुवारीत वर्ल्ड कपची क्वालिफायर होती कोलंबोला, ती चुकली. मे महिन्यात आफ्रिकेत चौरंगी मालिका होती, तीही चुकली.

आणि ती नसताना तिकडे काय झालं? ऐका हं. आयर्लंडविरुद्ध ओपनिंगला पूनम राऊत आणि दीप्ती शर्मा गेल्या आणि दोघींनी मिळून ३२० काढल्या! दीप्तीच्या एकटीच्या १८८! बायकांच्या वनडेत तीनशेची भागीदारी त्याआधी कुणी केलीच नव्हती. आता विचार करा, तुम्ही इकडे गुडघा वाकवायला शिकताय आणि तिकडे तुमच्या जागेवर उभं राहून कुणीतरी १८८ मारतंय. मला तर जेवण गेलं नसतं.

आणि तरी वर्ल्ड कपला काय केलं? दीप्तीला खाली सरकवलं आणि स्मृतीला तिची ओपनिंग परत दिली! १८८ मारलेल्या पोरीला खाली! मी नणंदेला म्हटलंसुद्धा, "हा जरा अन्यायच नाही का गं?" तर तिने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. म्हणाली, "वहिनी, तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला नाही कळणार." घ्या! पुण्याचा काय संबंध?

पण पहिल्या मॅचला तिने सगळ्यांची तोंडं बंद केली, हे खरं. डर्बीला, इंग्लंडविरुद्ध, त्यांच्याच घरात. ७२ चेंडूंत ९०. तिकडे कॅप्टन मिताली राज पॅड बांधून बाउंड्रीपाशी पुस्तक वाचत बसली होती, तो फोटो आठवतो ना? ओपनिंगच संपेना, मग करणार काय, वाचणारच. पुढच्या मॅचला वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६. नणंदेने पेढे वाटले. मला फोन करून म्हणाली, "बघा, कोण म्हणत होतं गुडघा?" मी कुठे काही म्हणत होते!

आणि इथून पुढचं कुणी सांगत नाही बघा.

तिसरी मॅच पाकिस्तानशी. २. मग श्रीलंका, ८. दक्षिण आफ्रिका, ४. ऑस्ट्रेलिया, ३. न्यूझीलंडला १३, नणंदेने देवासमोर दिवा लावला, तेवढ्यात आऊट. १८ जुलैला एकविसावा वाढदिवस झाला, दोन दिवसांनी सेमीफायनल, ६. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही म्हणा, कारण त्या दिवशी हरमनप्रीत नाबाद १७१ कुटत होती. आणि फायनल. लॉर्ड्स. सगळा देश पहिल्यांदाच बायकांच्या मॅचला टीव्हीपुढे बसलेला. इंग्लंडच्या श्रबसोलने बोल्ड काढली. शून्य.

पहिल्या दोन मॅचमध्ये १९६, आणि पुढच्या सात मिळून ३६. बेरीज मी स्वतः केलीय, किराण्याच्या पावतीमागे.

नणंदेच्या घरी तर असं झालं होतं की तिची सासू म्हणायला लागली, मी बघते म्हणून आऊट होते. मग त्या स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या, आणि तरी आऊट. मग म्हणाल्या, आवाज ऐकते म्हणून. फायनलला तर देवळात जाऊन बसल्या. काय उपयोग? शेवटी ३ बाद १९१ वरून सगळ्या २१९ वर आऊट झाल्या आणि ९ धावांनी कप गेला. त्या दिवशी सांगलीत काय चेहरे झाले असतील ते मी बघितले नाहीत, पण फोनवर नणंद नुसती "हं... हं..." करत होती. ती कधी गप्प बसत नाही, म्हणून सांगते.

आता मला सांगा, ह्यातलं काका काय सांगतात? पाच महिन्यांत परत आली आणि धुतलं सगळ्यांना! बाकीच्या सात मॅच कुठे गेल्या? मला विचाराल तर गुडघा तपासायचा तर त्या सात मॅचमध्ये. पहिल्या दिवशी नवा उत्साह असतो, समोरच्यांनाही अंदाज नसतो. तिसऱ्या मॅचपासून सगळ्यांनी व्हिडिओ बघितलेले असतात, अंग दुखायला लागलेलं असतं, आणि इकडे घरी बसलेले लोक म्हणत असतात, घाई केली, घाई केली. आणि तरी सातच्या सात मॅच मितालीने आणि कोच आरोठे सरांनी तिला बाहेर बसवली नाही. एकदाही नाही! बाकावर ओपनिंगला १८८ वाली असताना... म्हणजे ती बाकावर नव्हती, टीममध्येच होती, पण खाली. तेच ते.

आणि पुढे? फेब्रुवारी २०१८, किंबर्ली, पाठोपाठच्या दोन मॅचमध्ये ८४ आणि १३५. वर्ष संपताना आयसीसीची वर्षातली सगळ्यात भारी क्रिकेटर म्हणून तिचंच नाव. म्हणजे लॉर्ड्सच्या शून्यानंतर सहा-सात महिने गेले म्हणा. तेवढा वेळ आपण परवाच्या पोराला चार क्वार्टरमध्ये दिला नाही.

बाई, दूध! नाही नाही, गॅस बंद केलाय मी. आठवलं.

तर काय सांगत होते... काल संध्याकाळी मी वर गेले. तिळगूळ द्यायच्या निमित्ताने हो, उगाच नाही. आई दार उघडून आत निघून गेली, आणि हा हॉलमध्ये गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून मोबाइल बघत होता. मला वाटलं परवाचीच मॅच बघतोय, तर नाही. म्हणाला, "काकू, ग्रेग ओडेन माहितीय?" मी म्हटलं, मला आपला पर्वती दर्शनचा ओडेन माहीत नाही तर कुठला माहीत असणार? तर अमेरिकेतला. सेंटरच. सात फुटी! आणि गंमत म्हणजे एकोणीस वर्षांचा असताना चेहरा असा पोक्त की सगळे त्याला म्हातारा म्हणून चिडवायचे. २००७ ला पोर्टलँडने त्याला पहिल्या नंबरने उचलला. दुसऱ्या नंबरला कोण उरलं म्हणताय? केविन ड्युरंट! मला ड्युरंट कोण ते माहीत नव्हतं, पण त्या पोराने ज्या सुरात सांगितलं त्यावरून कळलं की पोर्टलँडची माणसं अजून कपाळ बडवत असतील.

तर त्या ओडेनचा पहिला सीझन सुरू व्हायच्या आधीच उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन. सगळं वर्ष गेलं. मग परत आला, २८ ऑक्टोबर २००८, लॉस एंजेलिसला, लेकर्सशी मॅच. सगळी दुनिया बघतेय. १३ मिनिटं खेळला, एकही पॉइंट नाही, आणि पाऊल दुखावून परत बाहेर! पुढच्या वर्षी जरा रंगात आला तर डिसेंबरात डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. मग ऑपरेशनांवर ऑपरेशनं, चार वर्षं मॅच नाही. चार वर्षं हो! २०१४ च्या जानेवारीत मायामीकडून परत उतरला, ८ मिनिटांत ६ पॉइंट काढले. पोर्टलँडने ज्याला पहिल्या नंबरने घेतलं, तो त्यांच्याकडून सगळे मिळून ८२ मॅच खेळला. तिकडे एका सीझनच्याच ८२ असतात.

मी म्हटलं, "अरे मग हे कशाला बघतोस? दुसरं काहीतरी बघ ना, चांगलं."

तर म्हणतो कसा, "काकू, तो शून्यावर होता. मला दोन तरी मिळाले."

मला हसू आलं, मग वाटलं हसायला नको होतं, पण तोही हसला. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मी लगेच उठले नाही, म्हणजे अजून काय सांगतो बघावं म्हणून. दुसराही एक दाखवला त्याने, एम्बीड. फिलाडेल्फियाचा. तो पायाच्या दुखण्याने सलग दोन सीझन बसून राहिला, लोकांनी त्याची किती टर उडवली, आणि २०१६ ला उतरला तर पहिल्याच मॅचला २० पॉइंट! २०२३ ला तिकडचा सगळ्यात मोठा मान, एमव्हीपी. आता ह्यातलं कुणाचं खरं धरायचं? एक सात फुटी शून्यावर, एक सात फुटी वीसवर. दोघांनाही डॉक्टरांनी खेळ म्हणून सांगितलं होतंच की. गुडघ्याच्या बाबतीत ना, कुणालाच काही कळत नाही असं माझं मत झालंय. काकांना तर मुळीच नाही.

खरं त्याचं काय होतंय, ते मला त्यानेच सांगितलं निघताना, दारात. गुडघा दुखत नाही म्हणे. अजिबात. उडी मारायला भीती वाटत नाही, वर जाताना काही नाही. पण वर असताना, हवेत, एकदम आठवतं की आता खाली यायचंय. म्हणून पाय आधीच थांबतात. फिजिओ त्याला एका खोक्यावरून खाली उडी मारायला लावतो रोज, आधी दोन पायांवर, मग एका. वर नव्हे, खाली. त्या पायऱ्या उतरायचा तेच पुढे चाललंय बघा अजून.

हे त्याने आईला सांगितलेलं नाही, तेव्हा तुम्हीही...

बरं, आता मुख्य भानगड राहिलीच की! हळदीकुंकू. परवा आहे त्यांच्याकडे. दरवर्षी टीममधल्या सगळ्या मुलांच्या आयांना बोलावते ती. यंदा त्या पर्वतीवाल्याच्या आईला बोलवायचं की नाही, ह्यावर कालपासून घरात धुमसतंय. म्हणून तर लाटणं आपटतंय! सासूबाई म्हणतात बोलव, ही म्हणते, "तिने पर्स उघडली होती." पर्स! अहो, मीही बघितली पर्स, पण म्हणून काय वाण द्यायचं नाही?

मी तिला ते नोव्हेंबरातलं सांगितलं. २०२५ चा वर्ल्ड कप. स्मृतीच्याच बरोबर ओपनिंगला प्रतीका रावल होती ना? न्यूझीलंडविरुद्ध दोघींनी २१२ ची भागीदारी केली, प्रतीकाच्या १२२, स्मृतीच्या १०९. आणि तीनच दिवसांत बांगलादेशविरुद्ध फील्डिंग करताना प्रतीकाचा घोटा गेला. सेमीफायनल तोंडावर! मग शफाली वर्माला बोलावलं. शफाली पंधरा जणींतसुद्धा नव्हती. आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत फायनलला तिने ८७ मारल्या, वर दोन विकेट, मॅन ऑफ द मॅच... म्हणजे आता प्लेअर म्हणतात. कप आला. आणि प्रतीका कुठे होती? मैदानावरच! व्हीलचेअरवर, अंगाभोवती तिरंगा घेऊन, सगळ्यांच्या मध्ये. चेहरा बघितलात ना तिचा? आता तिच्या मनात काय होतं ते तिचं तिला ठाऊक. पण आली होती की नाही? शफालीपासून तोंड फिरवून घरी तर नाही बसली.

हे मी सांगितलं, तर तिसऱ्या मजल्यावरची माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमच्या मुलाचा गुडघा नाही ना गेला."

खरं आहे. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिळगूळ ठेवला आणि खाली आले.

पण मी त्या पर्वतीवाल्या आईला माझ्याकडे बोलावलंय. शुक्रवारी. दोघींनाही बोलावलंय, वेळ एकच सांगितलीय, आणि एकीला दुसरीचं सांगितलेलं नाही. बघा काय होतं ते. तुम्ही जरा लवकर या, मला सोफ्यावर मधली जागा भरायला कुणीतरी हवं. वाण मी स्टीलच्या चाळण्या आणल्यात, तुळशीबागेतून, बऱ्या आहेत.

कोचचं विचारताय? कोच पक्का. पुढच्या मॅचलाही दुसऱ्याच क्वार्टरला उतरवणार म्हणे ह्याला. पर्वतीवाला सुरुवात करणार, हा मागून. कुणालाच पूर्ण खूश केलं नाही, म्हणजे बहुतेक बरोबर असेल.

आणि हो, काका संध्याकाळी सारसबागेत फिरायला येतात, तेव्हा भेटतील तुम्हाला. लॉर्ड्सच्या फायनलच्या त्या ८६ स्मृतीच्या नव्हत्या, पूनम राऊतच्या होत्या. पूनमने इंग्लंडविरुद्ध पहिल्या मॅचलाही बरोबर ८६ च काढल्या होत्या, त्यातून गोंधळ झाला असेल त्यांचा. तुम्हीच सांगा त्यांना एकदा. माझं ऐकत नाहीत.